डावा म्हणजे उजवा

आमच्या घरात बाबांच्या उजव्या पायाला डावा म्हणतात. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. विमानात मला कुणी हसायला वेळ दिला नव्हता.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. गिऱ्हाईक माप द्यायला समोर उभं राहिलं की त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. बाबा ज्या मास्तरांकडे शिकले ते भयंकर खवट होते. ते म्हणायचे, गिऱ्हाइकाचं डावं-उजवं गिऱ्हाईक बघेल, तू तुझं बघ. तेव्हापासून बाबांसाठी आपल्या डावीकडचा तो डावा. कापडाच्या उलट्या बाजूला खडूने तसंच लिहायचं, तसंच बोलायचं. आणि आजवर आमच्याकडे एकही बाही उलटी लागलेली नाही, हेही सांगून ठेवते.

मग एक दिवस दुकानासमोर एक टेम्पो मागे घेताना बाबांना भिंतीपर्यंत घेऊन गेला. उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी आत पट्टी घालून तो सांधून टाकला. आता पाय फळीसारखा सरळ, कायमचा. दवाखान्यातून आल्यावर बाबांनी पहिलं काम काय केलं, तर त्या पायावर चढेल अशी रुंद पँट कापायला घेतली. गिऱ्हाइकाची कापतात तशीच. मोठ्या भागावर खडूने लिहिलं, डावा. झालं. त्या दिवसापासून तो पाय डावा. आई विचारायची, डावा दुखतोय का. मी विचारायचे, डाव्याखाली उशी देऊ का. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

ताई परदेशात असते. टेम्पोच्या आधीच लग्न होऊन गेली. तिला बाळ झालं तेव्हा आई पुढे गेली आणि मागून बाबांना घेऊन मी जायचं ठरलं. बाबा आधी नाहीच म्हणत होते. कारण पाय सरळ बाहेर काढायला जागा मिळाली नाही की त्यांची कंबर धरते. मागे एकदा आत्याकडे बसने गेलो होतो. तिथे पोचल्यावर चार माणसांनी बाबांना कपाटासारखं आडवं करून उतरवलं होतं. स्टँडवरचे लोक बघत होते. तेव्हापासून बाबा दुकान आणि घर सोडून कुठे गेले नाहीत.

भाऊजी म्हणाले, सीटचं माझ्यावर सोडा.

भाऊजींना विमानातल्या सीटांचं वेड आहे. काहींना क्रिकेटचं असतं तसं. व्हिडिओ कॉलवर विमानाचा नकाशा उघडून त्यांनी आमची शिकवणी घेतली.

"शेवटची रांग घ्यायची नाही. पाठ मागे जात नाही आणि संडासाची लाइन डोक्यावर. सगळ्यात पुढची पण नको. समोर भिंत असते, पाय सरळ होत नाही. शिवाय पाळणे तिथेच अडकवतात, म्हणजे सगळी रडकी पोरं तिथे."

"तुमचंही रडतंच की," मी म्हणाले.

"माझं घरी आहे, मेहुणीबाई. आता ही बघा, बाहेर पडायच्या दाराजवळची रांग. जागाच जागा. पण तिथे बाबांना बसू देणार नाहीत."

"का?"

"तिथे धडधाकट माणूस लागतो. काही झालं तर दार उघडायला."

"म्हणजे ज्याचे पाय चांगले त्यालाच पाय पसरायला जागा."

"नियम आहे तो. शाळा सोडली नसतीस तर नियम कळले असते."

शाळेचा आणि विमानाच्या दाराचा काय संबंध, ते मी विचारणार होते. बाबांनी डोळे वटारले म्हणून गप्प बसले. भाऊजींना हे फार आवडतं. कुठलाही विषय असो, माझ्या शाळेवर आणून ठेवायचा.

"मग राहिली वाटेकडेची सीट," भाऊजी म्हणाले. "पाय वाटेत काढून बसता येतं. फक्त बाजू बरोबर पाहिजे. बाबा, कुठला पाय तो?"

"डावा," बाबा म्हणाले.

"डावाच," भाऊजींच्या मागून बाळाला थोपटत आई म्हणाली.

मी काज करत होते. मान वरसुद्धा केली नाही. भाऊजींनी टेम्पोनंतर बाबांना फक्त फोनवर पाहिलेलं, तेही गळ्यापर्यंत. त्यांनी डावा ऐकला आणि डाव्या हाताला वाट असलेली सीट घेतली. मधल्या तिघांच्या रांगेतली डावीकडची बाबांची, तिच्या शेजारची मधली माझी. वर जादा पैसे भरले आणि ते भरल्याचं दोनदा सांगितलं.

विमानतळावर बाबांनी चाकाची खुर्ची नको म्हटली. काठी टेकत तो एवढा लांब रस्ता चालले. इस्त्रीचा शर्ट, नवी पँट, घामाने मान ओली. मी दोन्ही बॅगा ओढत मागे. विमानात शिरलो, आमची रांग सापडली, बाबा बसले.

आणि बसताच येईना.

चांगला पाय वाटेत ऐसपैस पसरला. फळी मात्र समोरच्या सीटला जाऊन अडकली. माझ्या पुढ्यात घालावी तर तिथे समोरच्या सीटखाली लोखंडाचा डबा. बाबा सीटवर अर्धे आणि सीटबाहेर अर्धे, हाताने पाय उचलून इकडे ठेवतायत, तिकडे ठेवतायत. समोरच्या बाईने मागे वळून पाहिलं. तिच्या पाठीत टाच रुतत होती.

"बाबा, वाट डावीकडे आहे."

"हो मग. डावाच सांगितला होता ना."

मग आम्ही दोघांनी त्या पायाकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं.

"अरे," बाबा म्हणाले.

बस, तेवढंच. त्या एका 'अरे'वर माझं डोकं असं फिरलं की कान गरम झाले.

"उतरू आपण," बाबा हळूच म्हणाले. "अजून दार उघडं आहे. म्हणजे मी उतरतो. तू जा. बाळाला बघ, मला फोनवर दाखव."

"आणि बाळाला तुम्ही कसे दिसणार? गळ्यापर्यंत?"

"टाचणे, हळू बोल. लोक बघतायत."

दुकानात मला टाचणी म्हणतात. बारीक आहे आणि टोचते म्हणून. पण त्यांनी असं विनवल्यासारखं टाचणे म्हटलं की मला आणखीच राग येतो. बाबा काठीला धरून उठायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. बापाला असं बसवायचं नसतं, मला माहीत आहे.

गडबड बघून एअर होस्टेस आली. केस असे बसवलेले की वाऱ्यानेही हलायचे नाहीत.

"सर, काही त्रास होतोय का?"

"नाही नाही, काही नाही," बाबा म्हणाले.

"होतोय," मी म्हणाले. "सीट बदलून पाहिजे. यांचा पाय वाकत नाही."

"विमान पूर्ण भरलंय, पण बघते. कुठला पाय, सर?"

"डावा," बाबा म्हणाले.

मला वाटलं त्यांच्या तोंडात टेप कोंबावा.

तिने वाटेतल्या डाव्या पायाकडे पाहिलं. तो गुडघ्यात छान वाकून, बूट हलवत बसलेला. "मग सर, ही सीट तुमच्यासाठी बरोबरच आहे. विमान सुटताना फक्त आत घ्यावा लागेल."

"डावा नाही हो. उजवा."

"पण सर डावा म्हणाले."

"ते म्हणतात डावा. पण असतो उजवा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग परत माझ्याकडे. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, त्यांना बसवा ना कुठेतरी, उशीर होतोय." जसं काही मी हौसेने उभी होते.

माझ्या उजव्या हाताला, आमच्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला, एक माणूस होता. विमान जागचं हललं नव्हतं तरी गळ्यात उशी, डोळ्यांवर पट्टी आणि अंगावर पांघरूण. त्याच्या उजव्या हाताला दुसरी वाट. बाबांना पाहिजे तशी, अगदी मापाची. मी त्याच्या खांद्याला टोचलं.

"ओ. सीट बदलता का?"

त्याने पट्टी एका डोळ्यावरून वर केली. "मी ही सीट निवडून घेतलीय."

"आम्ही पण निवडूनच घेतलीय."

"मग बसा की तिच्यावर. तुमची पण कडेची, माझी पण कडेची. डावीकडे काय आणि उजवीकडे काय, फरक काय पडतो?"

"फरक पडत नाही ना? मग उठा."

मागे दोघे-तिघे फसकन हसले. उशीवाल्याने दुसऱ्या डोळ्यावरची पट्टीही काढली. आता तो मला सोडून एअर होस्टेसशी बोलायला लागला, अगदी समजूतदार आवाजात. मला असल्या आवाजाचा फार राग आहे. मुख्याध्यापकांचा तसाच होता.

"मॅडम, खरंच गरज असेल तर माझं काही नाही. मी माणूस आहे. पण यांचं ऐका जरा. मुलगी म्हणतेय उजवा, वडील स्वतःच्या तोंडाने म्हणतायत डावा. ज्याचा पाय त्याला माहीत असेल ना? जागा मिळवायला लोक काहीही सांगतात."

आणि वाईट म्हणजे त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मीसुद्धा उठले नसते.

"सर," एअर होस्टेस बाबांजवळ वाकून म्हणाली, "तुम्हीच सांगा. आम्हाला दार बंद करायचंय."

बाबा हातातल्या काठीच्या मुठीकडे बघत बसले. त्यांच्या तोंडावर मला बस स्टँड दिसला.

"राहू दे," ते म्हणाले. "आम्ही उतरतो. तुम्हाला उगाच त्रास."

तिथे माझी जीभ सुटली.

"तुम्ही कशाला उतरता? टेम्पोवाला उतरला का? टेम्पोवाला अजून टेम्पो चालवतोय. बाबा, हा गिऱ्हाइकाचा पाय नाहीये. खडूने डावा लिहून टेबलावर टाकलेलं कापड नाहीये हे. गिऱ्हाईक माप देऊन कधीच घरी गेलं. हा तुमचा आहे. बोला ना, कुणाचा आहे ते. समोर उभं राहून दुसऱ्याचा बघितल्यासारखा किती दिवस बघणार आहात?"

माझा आवाज पार मागच्या संडासापर्यंत गेला असणार. मला वाटलं बाबा आता कानाखाली वाजवतील, आणि वाजवली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी मांडीवर हात ठेवला. दुकानात माप घेताना कापडावर ठेवतात तसा सपाट.

"उजवा," ते म्हणाले.

"काय म्हणालात, सर?"

"उजवा. माझा उजवा पाय." त्यांनी घसा साफ केला. "टेम्पोखाली आला होता. माझाच आहे. वाकत नाही."

एअर होस्टेसने उशीवाल्याकडे नुसतं पाहिलं. तो उठला. पांघरूण, पट्टी, पाण्याची बाटली, चार्जर, सगळा संसार गोळा करून मागून वळसा घालून आमच्या बाजूच्या वाटेत आला. आल्या आल्या म्हणाला, "हे आधीच सांगायचं ना."

मी उत्तर दिलं असतं तर मलाच उतरवलं असतं.

बाबा सरकत सरकत पलीकडच्या टोकाला गेले आणि पाय वाटेत सोडला. पूर्ण, टाचेपर्यंत. त्यांची पाठ सीटला टेकली तेव्हा त्यांच्या तोंडून जो श्वास निघाला, तो इतके दिवस कुठे ठेवला होता कोण जाणे. विमान सुटताना मात्र एअर होस्टेसने पाय आत घ्यायला लावला. तेवढ्यापुरती मी मांडी घालून बसले आणि फळी माझ्या पुढ्यात, डब्याच्या अलीकडे तिरकी कोंबली. बाबांनी दात आवळले. विमान वर गेल्यावर पाय परत बाहेर.

मग सुरू झालं ते वेगळंच. जेवणाची गाडी आली. "जरा सांभाळून हं, उजवा पाय आहे, वाकत नाही," बाबा म्हणाले. एक आजोबा संडासला निघाले. "सांभाळून, आजोबा. उजवा आहे, टेम्पोखाली आला होता." एका चिमुरडीने थांबून विचारलं, "काका, तुमचा पाय असा का?" तर तिला आख्खा टेम्पो सांगितला, मागे घेण्यासकट. घरात कधी इतका सांगितला नव्हता. मला त्या टेम्पोचा रंग तेव्हा पहिल्यांदा कळला. मी मध्ये बसून ऐकत होते आणि डावीकडून उशीवाल्याचं झोपलेलं डोकं दर थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर येत होतं. एवढी मोठी उशी गळ्यात घालून डोकं माझ्याच खांद्यावर. मी दर वेळी कोपराने परत पाठवत होते, आणि मऊपणे नाही.

बाबा उतरले तेव्हा कुणी उचलायला लागलं नाही. काठी टेकत स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

बाहेर सगळे उभे. ताई रडतेय, आई बाळ घेऊन, भाऊजी पुढे. भाऊजींसाठी मी एवढ्या वाटेत काय काय तयार ठेवलं होतं. नियम, शाळा, जादा भरलेले पैसे, सगळं ओळीने, एकेक टोकदार.

"काय मग, बाबा?" भाऊजी दुरूनच म्हणाले. "कशी होती सीट? डावा पाय मोकळा राहिला ना?"

मी तोंड उघडलं.

"उजवा," बाबा म्हणाले. "माझा उजवा आहे, जावईबापू. मीच चुकीचं सांगितलं होतं. येतानाचं तिकीट काढाल तेव्हा ध्यानात ठेवा."

आई बाळाला थोपटायची थांबली. ती बाबांच्या पायाकडे बघेल असं मला वाटलं होतं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने बाळ त्यांच्या हातात दिलं आणि काठी स्वतःकडे घेतली.

भाऊजी म्हणाले, "हो का? अरेच्चा." आणि विषय संपला. असा, एका वाक्यात, बाबांनी संपवला. मी जमवलेलं सगळं तोंडातल्या तोंडात राहिलं. त्याचाही मला रागच आला.