भुजंगरावाचं आख्यान

घनश्याम राऊतला दारव्ह्यात कोणी घनश्याम म्हणत नसे. नाटक कंपनीत त्यानं उभी जवानी भुजंगरावाचं काम करण्यात घालवली. भुजंगराव म्हणजे आईचे केस धरून तिला घराबाहेर ओढणारा, आणि ओढता ओढता खदखदा हसणारा. त्या हसण्यासाठी लोक ट्रॅक्टर करून यायचे. माणूस तसा गाईच्या पोटचा. पण बाजारात गेला की बाया लेकरांना पदराआड घ्यायच्या, आणि हा मान खाली घालून वांगी निवडायचा.

भुजंगराव रंगमंचावर येताना कंपनीचा ऑर्गनवाला एक परदेशी चाल वाजवायचा. ठेका असा, की पाय आपोआप उचलावा. ती चाल कुठली हे शोधता शोधता घनश्यामला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं सापडलं. सोल आणि फंक. सोल म्हणजे प्रार्थनेत तयार झालेल्या गळ्यानं प्रपंचाचं दुःख गायचं, आणि फंक म्हणजे त्याच दुःखाला नाचायला लावायचं, असं तो समजावून सांगे. कंपनी बंद पडली तेव्हा गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रानं त्याला दर गुरुवारी संध्याकाळचा एक तास दिला. त्या तासात त्याला कोणी शिव्या देत नव्हतं. तेवढंच त्याचं सुख.

नेमानं फोन करायची ती एकटी मथुराबाई. गावात कुठंही कीर्तन असो, पुढच्या रांगेत बसणारी म्हातारी. एक बाई रडवेल्या गळ्यानं गाते आणि मागचे सगळे तिचं पद उचलतात, हे ऐकून ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "हे मागचे लोक टाळकरीच हायेत ना रे बापा? देव तोच दिसते, भाषाच तेवढी निराळी." त्या दिवसापासून घनश्याम तिला माय म्हणायला लागला.

पण एका म्हातारीवर केंद्र चालत नाही. अध्यक्ष पंजाबरावांनी सांगून टाकलं, की वर्धापनदिनाला मंगल कार्यालयात लोकांपुढं कार्यक्रम कर. पसंत पडला तर तास तुझा, नाही तर त्या वेळेलाही बाजारभावच लावू.

मथुराबाईनं तोड काढली. लोकांना कीर्तन कळते, तर गाणं कीर्तनासारखंच सांग. तिनं भजनी मंडळाचे टाळकरीही आणून उभे केले.

आणि ते जमलं. घनश्यामनं आधी नमन केलं, मग गाण्याची एकेक ओळ ऐकवली, अर्थ सांगितला, दाखला दिला. टाळकऱ्यांनी त्या परक्या सुरात टाळ मिसळले तेव्हा मागच्या खुर्च्यांवरचे लोकही टाळ्या धरू लागले. पूर्वरंग संपला. रीतीप्रमाणे पंजाबरावांनी गळ्यात हार घातला, मथुराबाईनं कपाळी बुक्का लावला.

इथंच घोटाळा झाला. हार पडला की बुवानं आख्यान लावायचं, हे आपल्याकडं लेकरालाही कळतं. हार घेऊन कथा न सांगता उतरलेला बुवा कोणी पाहिला नसेल. घनश्यामकडं मात्र आख्यान नव्हतं. त्यानं फंकचं गाणं लावलं, आणि लावलं तेही नेमकं ऑर्गनवाल्याच्या त्या चालीचं.

पहिली शिट्टी मागून आली. मग सगळा मांडव भुजंगराव, भुजंगराव ओरडू लागला.

घनश्यामनं हात जोडून सांगितलं, की ते काम मी सोडलं.

"मंग हार काढून ठेव," पंजाबराव हसत म्हणाले. "हार घेतला ना तू? आख्यान लाव. लोकायले पायजे ते दे, तास तुहा."

"पन वढाले माय तं पायजे," एक जण बोलला. "अध्यक्षसाहेब, वहिनीले धाडता का?"

मांडव खिदळला. त्या खिदळण्यातच मथुराबाई उठली आणि पदर सारून त्याच्यापुढं बसली. "माहे केस वढ. पांढरे हायेत, पन मजबूत हायेत."

त्यानं नुसता हात टेकवला. लोक म्हणाले, हे नाटक झालं, खरं वढ. घनश्याम हलेना. तेव्हा म्हातारी हळूच म्हणाली, "वढ ना बापा. तुहा तास जाईन."

त्यानं ओढलं. तिची मान मागं गेली, डोळ्यांत पाणी आलं. आणि घनश्यामच्या पोटातून ते हसू निघालं, पूर्वीपेक्षा मोकळं, पूर्वीपेक्षा चढं. आपण किती छान हसतो आहोत, हे त्याला हसतानाच कळत होतं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. टाळकरीसुद्धा टाळ वाजवत होते.

तास राहिला. अट एवढीच, की फोन करणाऱ्या प्रत्येकाशी भुजंगरावानं बोलायचं. गाणी तेवढी कमी करायची.

पुढच्या गुरुवारी फोनांची रीघ लागली. लोक शिव्या खायला फोन करत होते आणि खूश होऊन ठेवत होते. तास सरत आला तेव्हा मथुराबाईचा फोन लागला. मान अजून दुखत होती, पण ते तिनं सांगितलं नाही.

"ते रडणारी बाई लावतं का रे बापा आज?"

काचेपलीकडं पंजाबराव उभे होते. भुजंगराव चालू ठेव, अशी त्यांनी बोट फिरवून खूण केली.

"निंघ माह्या घरातून, म्हतारे," घनश्याम म्हणाला, आणि हसला. खूप वेळ हसला.

मथुराबाईनं फोन ठेवला नाही. आख्यान लांबलं की भैरवीला उशीर होतोच, हे तिला ठाऊक होतं. ती कानाला फोन लावून गाण्याची वाट पाहत बसली. मग तास सरला आणि बाजारभाव सुरू झाले.