दार उघडणारी म्हातारी

टाकेवहिनींचं भरतकामाचं मशीन इतकं चपळ होतं, की एकदा एक माशी सुईखाली सापडली आणि उडाली तेव्हा तिच्या दोन्ही पंखांवर वेलबुट्टी होती. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा. पण या मशीनला नक्षी पुरवणारा कॉम्प्युटर मात्र उलट्या खोपडीचा. त्यात एका म्यानात दोन तलवारी: धाकट्या दिरानं पूर्वी बसवलेली जुनी सिस्टिम आणि मागून आलेली नवी. बटण दाबलं की पडद्यावर दोघींची नावं यायची, बोला, कुणाला उठवू? वहिनी नेमानं नवीला उठवत. जुनीला त्या 'म्हातारी' म्हणत आणि तिच्या वाटेला जात नसत.

या खेपेचं काम घरचं होतं. वहिनींचे यजमान अंथरुणाला खिळले होते, तेव्हा ज्या सिस्टरनं दटावून, हसवून, प्रसंगी चक्क भांडून त्यांना पायांवर उभं केलं, ती आज संध्याकाळी निवृत्त होणार होती. तिच्या हाताखालून बरे होऊन गेलेल्या माणसांना वहिनींनी हुडकून काढलं, प्रत्येकाची सही घेतली, कॉम्प्युटरमध्ये तिचे टाके बनवले. त्या सगळ्या सह्या एका मऊ पांघरुणावर उतरायच्या होत्या.

शेवटच्या सह्या ठेवायला गेल्या, तर डिस्क भरलेली.

"ही म्हातारी अर्धं घर अडवून बसलीय," वहिनी म्हणाल्या.

भरतकाम करणाऱ्यांची एक सवय असते. कापड ताठ राहावं म्हणून मागं कागद लावतात आणि काम झालं की तो टरकावून टाकतात. वहिनींच्या हातांना तेच ठाऊक. त्यांनी डिस्कचे कप्पे उघडले, म्हातारीचा कप्पा निवडला आणि टर्रकन उडवला. जागा झाली. उरलेल्या सह्या नव्या सिस्टिमच्या कप्प्यात ठेवल्या आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

पडदा काळाठिक्कर. वर एकच पांढरी ओळ: सापडत नाही.

"अहो, सह्या गेल्या!" वहिनींनी यजमानांना हाक दिली. पुन्हा कुठून आणायच्या? सह्यांचे कागद कधीच रद्दीत गेले होते. सही करणाऱ्यांतला एक ट्रकवाला आता कुठल्या रस्त्यावर असेल, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

"घाबरू नकोस गं."

"तुम्ही बोलू नका. माझं डोकं बंद पडलंय."

"मग तेही पुन्हा चालू करून बघ," यजमान म्हणाले आणि धाकट्या भावाला फोन लावायला उठले.

दीर पेनड्राइव्ह घेऊन आला. पडदा पाहून त्यानं कपाळाला हात लावला.

"वहिनी, माझ्या म्हातारीला घराबाहेर काढलंत?"

"भावजी, ती नुसतीच बसून होती हो!"

"बसून? बटण दाबलं की 'कुणाला उठवू' विचारायची ती हीच! सकाळी दार कोण उघडायचं? किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. नवी आत धडधाकट आहे, सह्याही आहेत. पण तिला बाहेर यायला दारच नाही."

वहिनींच्या जिवात जीव आला. दिरानं पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला, दोन-चार ओळी लिहिल्या आणि नवीला स्वतःचं दार स्वतः उघडायला शिकवलं. पडदा उजळला. सगळ्या सह्या जागच्या जागी.

वहिनींनी पडद्यापुढे हात जोडले. "म्हातारे, चुकले गं. एवढी वर्षं दार तू उघडलंस आणि कौतुक मात्र मी धाकटीचं केलं." मग दिराकडे वळल्या. "भावजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"चहा करा. आणि पुढच्या वेळी काही टरकवण्याआधी हाक मारा."

मग मशीन असं धावलं, की त्याच्या वाऱ्यानं शेजारच्या दोरीवरचे कपडे वाळले. पांघरूण कसंबसं वेळेत झालं.

वॉर्डात सिस्टर एकेका सहीवर बोट फिरवू लागली. "हा तर सुई दिसली की पलंगाखाली शिरायचा! हिनं मला पायताण फेकून मारलं होतं... सगळी माझीच माणसं गं." चष्मा काढून तिनं डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "तुझी कुठाय?"

वहिनींनी जीभ चावली. धांदलीत स्वतःची सही राहूनच गेली होती.

"कॉम्प्युटर घरी आहे," त्या पुटपुटल्या.

"हात तरी बरोबर आणलेस ना?" सिस्टरनं टेबलाच्या खणातून सुईदोरा काढला, पांघरुणाचं टोक वहिनींच्या मांडीवर टाकलं आणि शेजारी स्टूल ओढून बसली.

हाताचे टाके वाकडेतिकडे पडत होते. सिस्टरला मुळीच घाई नव्हती.