नटावरची पिवळी रेघ

आमचे हे जावयाला पाण्यात पाहतात. जावई म्हणजे दशमग्रह हे मलाही मान्य आहे, पण आमचा ग्रह दिवसभर आमच्याच कारखान्यात फिरत असतो. मुलांच्या मैदानांसाठी आम्ही दोरीच्या चढायच्या जाळ्या बनवतो. मी आणि मुलगी दोर गुंफतो, जावई मैदानावर जाऊन जाळी उभी करतो, आणि हे त्यात खोट काढतात.

मागच्या जाळीच्या वेळी फारच झालं. मुलीने निर्वाणीचं सांगितलं, बाबांनी माझ्या नवऱ्याच्या कामावर आणखी एकदा संशय घेतला, तर आम्ही आमच्या लेकीला घेऊन वेगळं बिऱ्हाड करू, तेही दुसऱ्या गावात. ह्यांनी मुकाट्याने मान डोलावली. जित्याची खोड, मी मनात म्हटलं.

नवी जाळी मोठी होती. मधे उंच खांब, चार बाजूंना जमिनीत पुरलेले काँक्रीटचे ठोकळे, आणि खांबापासून ठोकळ्यांपर्यंत ताणलेले दोर. प्रत्येक ठोकळ्यापाशी ताण द्यायचा नट असतो. ताण बरोबर झाला की नटावरून खालच्या ठोकळ्यापर्यंत पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढायची, ही आमची पद्धत. रेघ तुटली, तर कुणीतरी नटाला हात लावला असं समजायचं.

जाळी सोपवण्याआधी काही दिवस ती तशीच उभी ठेवतो, म्हणजे दोर ताण घेऊन जागी बसतात. त्याच दिवसांत जावयाच्या अंगठ्याला मला पिवळा रंग दिसला. रेघा तर केव्हाच ओढून झाल्या होत्या. मग हा तिथे गेला कशाला? त्यालाच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही, मी जाऊन ह्यांच्या कानाला लागले. ह्यांना आधीच वाटत होतं की जावई खांब वाकू नये म्हणून दोर सैल ठेवतो, खांबाला जपतो आणि पोरांना नाही. मी आगीत तेल ओतलं.

पुढे कपडे धुताना ह्यांच्या बाहीवरही पिवळा डाग निघाला. तो मी साबण लावून घासून काढला आणि तोंडाला कुलूप घातलं. मुलगी बोलल्याप्रमाणे घर सोडेल ही भीती, दुसरं काय.

जाळी सोपवायच्या सकाळी आम्ही सगळे मैदानावर गेलो. आमच्या घरचं मूल पहिल्यांदा चढतं, मगच जाळी बाकीच्या पोरांना मोकळी होते. नात तर केव्हाची उड्या मारत होती. मुलगी तिच्या बुटाची नाडी बांधायला वाकली, आणि तशीच थबकली. समोरच्या ठोकळ्याभोवती जमीन फाटली होती. ठोकळा एका अंगाने उचलला गेला होता. अति तिथे माती म्हणतात, इथे मातीच वर आली होती. मुलीने दोरावर तळवा दाबला. तो सळईसारखा ताठ होता.

"हे इतकं कुणी आवळलं?"

"तुझ्या नवऱ्यालाच विचार," हे म्हणाले. "हा येऊन सैल करतो, मी येऊन आवळतो."

जावई ह्यांच्याकडे पाहतच राहिला. "सैल तुम्ही करत होता, बाबा. मला तोंडघशी पाडायला. मी आवळत होतो."

तुटलेल्या रेघेवरून नट फिरला एवढंच कळतं, कुठल्या बाजूला फिरला ते कळत नाही. त्यासाठी दोर हाताने दाबून पाहावा लागतो आणि डोकं थंड लागतं. दोघांनीही चोरून यावं, आपली रेघ तुटून शेजारी दुसरी ओढलेली पाहून भडकावं, नट आवळावा आणि वर नवी रेघ ओढून निघून जावं, असं चाललं होतं.

मी मधे पडले. दोघांचाही हेतू चांगलाच होता, म्हटलं, मी रंग पाहिला होता ना, ह्याच्या अंगठ्यावर, तो मी ह्यांना लगेच सांगितलाही, आणि पुढे ह्यांच्या बाहीवर. बोलता बोलता माझं मलाच कळलं.

मुलगी सावकाश उभी राहिली.

"अंगठ्यावरचा तू बाबांना सांगितलास. बाहीवरचा कुणाला सांगितलास, आई?"

हे खाली बघत होते. नात माझा पदर ओढून विचारत होती, आजी, मी आता चढू का? मुलीने तिला माझ्याजवळून उचलून कडेवर घेतलं.

"चल," ती नवऱ्याला म्हणाली. "सामान आवरायचंय."