कॉम्प्युटरच्या पोटातलं बिऱ्हाड

“फार जागा खात होतं, म्हणून काढून टाकलं,” मुलगा म्हणाला आणि उरलेला चहा निवांत प्यायला.

मोजेवाली कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत मोजे विणायचं यंत्र होतं, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. ते यंत्र एकाच प्रोग्रामचं ऐकायचं, तो प्रोग्राम एकाच जुनाट ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा आणि नवा कॉम्प्युटर त्या सिस्टीमला दारात उभं करायला तयार नव्हता. म्हणून तिने नव्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आणखी एक खोटा कॉम्प्युटर मांडून, तिथे जुन्या सिस्टीमचं बिऱ्हाड थाटून दिलं होतं. पुढे दुसऱ्या खोट्या कॉम्प्युटरात बिलांची सिस्टीम आली, तिसऱ्यात एक फुकटची, नुसती हौस म्हणून. तिघी एका छपराखाली राहायच्या आणि एकमेकींचं तोंडही बघायच्या नाहीत. इतकं सुखी एकत्र कुटुंब गल्लीत दुसरं नव्हतं.

मुलाने नेमकं थोरलीलाच घराबाहेर काढलं होतं.

त्याचा हिशेब सरळ होता. प्रोग्राम गेला की यंत्र गेलं, यंत्र गेलं की आई आपल्याकडे राहायला येईल. खोली रंगवूनही झाली होती. रंग मोजेवालीनेच पसंत केला होता. पाहुण्यांसाठी आहे, असं तिला सांगितलं होतं.

“यंत्र कधीचंच मेलंय आई. बनवणारी कंपनीसुद्धा बुडाली.”

“कंपनी बुडाली, मी पोहतेय,” ती म्हणाली आणि तिने गुंड्यांचा डबा काढला. त्यात चार भोकांच्या गुंड्यांखाली एक पेनड्राइव्ह होता. पेनड्राइव्हात ती अख्खी थोरली, जशीच्या तशी; जुनी प्रत.

पेनड्राइव्ह खोचला तशी थोरली उठली, डोळे चोळल्यासारखी लुकलुकली आणि तिने कोपऱ्यात तारीख दाखवली, प्रत काढली त्या दिवसाची.

“हिच्या लेखी तुझं लग्न अजून व्हायचंय,” मोजेवाली म्हणाली. “बघ, विचार बदलायचा असेल तर.”

मुलाच्या चालू फोनवर सून ऐकत होती. सगळ्यात मोठ्याने तीच हसली.

मुलगा हसला नाही. तो पडद्यावर मोज्यांच्या नक्ष्यांची यादी वरखाली करत होता. “आई, बगळे कुठेत?”

बगळे त्यानंतरचे. गुडघ्याने तिला खाटेला बांधलं होतं तेव्हा तिने एकेक चौकोन भरून तो थवा काढला होता. विकायला नव्हे. ते प्रतीत नव्हते.

“गेले,” ती म्हणाली.

त्याला काहीतरी बोलायचं होतं. तिने बोलू दिलं नाही. पडद्यावर चौकोनांची कोरी जाळी उघडली, चष्मा खाली ओढला आणि एक चौकोन काळा केला.

“ही चोच,” तिने सांगितलं. “आता तो उजवा पाय पुढे कर. माप घेऊ दे.”

त्याने बूट काढला.