लोडशेडिंगच्या तासाला

शाळेत कॅमेरे लागले त्या दिवशी गावानं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा टीव्हीपुढं ठेवला. साल २००८. आंजीच्या पलीकडच्या त्या गावात निम्म्या घरी अजून संडास नव्हता, पण आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात कॅमेरा होता. वर्ध्याच्या हिरालाल सेठनं देणगी दिलेली. टीव्ही हेडसरांच्या खोलीत, टीव्हीत चौकोन, चौकोनांत आपापली लेकरं. मग काय, गाव लोटलं. आज्या चष्मे पुसून नातवंडं शोधत.

"थो पाह्य, आमचा चंदन! कसा सायबावानी बसला!"

हेडसर सदाशिवराव तर रिमोट असा धरत, जशी पाटलानं काठी धरावी.

विमलाबाईलाही कौतुक होतंच. तिची वर्षाली नववीत, पहिल्या बाकावर. स्वतः विमलाबाई चौथीत शाळा सोडलेली. पण आपली पोरगी गणिताच्या सरांना आडवेतिडवे प्रश्न विचारते, ही गोष्ट ती पाणी भरताना दोनदा तरी सांगायची.

तिचा दीर कवडू रोज दुपारी पान लावून हेडसरांच्या खोलीत जाऊन बसू लागला. विमलाबाईचा नवरा वारल्यापासून घरात शब्द त्याचाच. माणूस वाईट नव्हता. पुतणीची फी तोच भरायचा. पण संध्याकाळी ताट पुढं आलं की त्याच्या बातम्या सुरू.

"वर्षे, आज मांगं वळून काऊन हसली? थो हेमराज काय म्हणून राह्यला होता?"

"पेन मांगत होता, काका."

"अन् हात लय वर करतं तू. पोरीच्या जातीनं जरा दबून राहाव."

पोरीनं मान खाली घातली, ती खालीच राहिली.

पुढं एकदा बाजारात गणिताचे घोडखांदे सर भेटले. म्हणाले, "विमलाबाई, वर्षाली आताशा वर्गात तोंडच उघडत नाई. फक्त लोडशेडिंग झालं का बोलते. लाइट गेली, कॅमेरा बंद, अन् हात वर! साऱ्या पोरींचं तेच. मी तर अवघड गणितं त्याच तासाले ठेवून राह्यलो."

सर हसले. विमलाबाईला हसू आलं नाही. निवडलेली वांगी तिनं परत पाटीत ठेवली. आपली पोर लाइट जायची वाट पाहत शिकते!

दिराशी भांडून उपयोग नव्हता. "पोरीच्या भल्यासाठीच जातो, वहिनी," हे त्याचं उत्तर ठरलेलं, आणि ते खोटंही नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं तुरीच्या शेंगांचं टोपलं उचललं, शेजारच्या रुख्माबाई आणि अनुसयाबाईला सोबत घेतलं आणि थेट हेडसरांची खोली गाठली. कवडू तिथं होताच.

"आम्ही बी पालकच आहो," ती म्हणाली. "पाहाले आलो."

हेडसर दहावीवर नागरिकशास्त्र शिकवायला गेले. बाया शेंगा सोलत टीव्हीपुढं बसल्या. पोरांकडं कोणी बघेना; डोळे सगळे हेडसरांवर.

"अवं माय! लिहिता लिहिता पाठ किती खाजवते हा बुवा!"

"खडूनं. म्हणून तं सदऱ्यावर रेघा राह्यते."

"बसले पाह्य खुर्चीत... गेली मान! झोपले वं!"

कवडूला हसून हसून पानाचा ठसका लागला.

तास संपवून सर आले तेव्हा खोली हसत होती. रुख्माबाईनं मायेनं विचारलं, "सर, पाठीले खोबरेल पाठवू का?"

सदाशिवरावांचा चेहरा पडला. "बाई, हे बरं नाही. मीही माणूस आहे. कोणी असं टक लावून बसलं, तर शिकवावं कसं?"

 विमलाबाईनं हातातली शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले.

"सर, तुम्हाले एका तासात लाज वाटली. तुम्ही तं हेडमास्तर. माही पोरगी अजून लहान हाय, अन् रोज सकायपासून बसून राह्यते. तिनं शिकाव कसं?"

हेडसरांनी रिमोट टेबलावर ठेवला. कवडू भिंतीवरचा नकाशा पाहू लागला.

शाळा समितीच्या बैठकीत पुष्कळ वादावादी झाली. सेठला फोन लावताना हेडसरांनी तीनतीनदा घाम पुसला म्हणतात. पण वर्गातले कॅमेरे निघाले. एक फाटकावर लागला, बाकीचे सायकलींच्या शेडमध्ये. तिथं खरोखर चोऱ्या व्हायच्या.

कवडू काही दिवस घुश्श्यात होता. मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "आता पोरगी शाळेत काय करून राह्यली, मले कसं समजन?"

"तिलेच विचारा ना, भाऊजी. तोंड हाय तिले."

हे कवडूला कधी सुचलंच नव्हतं. तो जरा अवघडला. "काय वं वर्षे... आज काय शिकवलं?"

वर्षालीनं आधी आईकडं पाहिलं. मग जी सुरू झाली! त्रिकोण, मग घोडखांदे सरांची फळ्यावरची चूक, ती भर वर्गात तिनं कशी धरली, मग पुन्हा त्रिकोण. सांगता सांगता तिनं ताटातल्या भातावर बोटानं रेघा ओढल्या आणि काकाला कोन दाखवू लागली. कवडूचं वरण निवून गेलं.

"थांब, थांब," तो वाकून म्हणाला, "हा कोन त्याच्याएवढाच काऊन?"

विमलाबाई पाणी आणायच्या निमित्तानं उठली, आणि माठापाशी गरजेपेक्षा बराच वेळ उभी राहिली.