आजीच्या नावाची पट्टी

“उद्या यायची नसशील तर आजच सांगून जा हं. नाहीतर मी दार ठोठावायला येईन.”

कॉफीचं दुकान चालवणाऱ्या तोमोएआजी असं म्हणाल्या तेव्हा चिकागेला हसूच आलं. ती काय इथली थोडीच होती! बाळंतपणाच्या रजेत, सात महिन्यांच्या सुझूला छातीशी बांधून, ती योकोहामाहून निघाली होती. गावोगावच्या बेकऱ्या आणि कॉफीची जुनी दुकानं बघायची, आवडलेलं टिपून ठेवायचं. इचिनोमिया या गावात मुक्काम जेमतेम चार दिवसांचा.

“हसू नकोस पोरी,” काउंटरशी बसून नाश्त्याचं उकडलेलं अंडं सोलणारे, रोजचे गिऱ्हाईक कुराचीकाका म्हणाले. यंत्रमाग दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. “मी एकदा न सांगता लेकीकडे गेलो, तर ही बया आमच्या घरमालकाकडून किल्ली घेऊन आत! पोलीस परवडले.”

“आणि आत काय दिसलं, तेही सांगा ना! आठवड्याची खरकटी भांडी,” आजी म्हणाल्या.

काउंटरमागच्या भिंतीवर, आगाऊ पैसे भरून घेतलेल्या कॉफीच्या कुपनांच्या पट्ट्या टाचलेल्या होत्या, प्रत्येकीवर एकेका गिऱ्हाइकाचं नाव. कप प्यायला की एक कूपन फाडायचं. आजींनी चिकागेच्या नावाचीही पट्टी लावली. कुठं उतरलीस, तेही विचारून घेतलं. मग दोन बोटं जाड टोस्ट पुढे आला. वर लोणी, त्यावर अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण. टोस्ट भाजताना आजी घड्याळाकडे बघत नसत. पाठमोऱ्या उभ्या राहून नुसत्या वासावर तो उचलत. काठ कुरकुरीत, आत ढगासारखा मऊ. एवढ्या बेकऱ्या पालथ्या घातल्या, पण असा टोस्ट चिकागेने कुठेच खाल्ला नव्हता.

चिकागे तशी भारी सावध. चमचे पुसून घेणारी, झोपलेल्या सुझूच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी. पण स्वतःकडे बघायचं मात्र राहून गेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे हुडहुडी भरली. दूध साकळून छाती दगडासारखी झाली होती. उठावं तर खोली गरगर फिरायची. शेजारी सुझू रडून रडून लाल झालेली. फोन हाताशी होता, पण परक्या गावात करणार कुणाला? नवऱ्याला तिथे योकोहामात घाबरवायचं कशाला? होईल बरं थोड्या वेळात, असं म्हणत तिने नऊ वाजवले.

दारावर थाप पडली. लॉजच्या बाईला घेऊन तोमोएआजी आत आल्या. अंगात ॲप्रन, पायात दुकानातल्याच सपाता.

“तुझं कूपन फाटलं नाही आज,” एवढंच म्हणून त्यांनी सुझूला उचललं.

डॉक्टरबाई चिकागेवर चांगल्याच डाफरल्या. “अजून एक दिवस काढला असतास तर चिरावं लागलं असतं. आणि या लेकराला कोण बघणार होतं?” तिकडे दुकानात आजींच्या जागी उभ्या राहिलेल्या कुराचीकाकांनी तेवढ्यात सहा टोस्ट करपवले होते.

निघायच्या दिवशी चिकागे भिंतीकडे बघत बसली. सगळ्यांची नावं होती.

“आजी, तुमची पट्टी कुठंय?”

“मालकिणीची कसली पट्टी गं? वर माडीवर निजायचं, सकाळी खाली यायचं. मी कुठं जाणार?”

आजींचं एकोणऐंशीवं वर्ष संपलेलं. माडीवर त्या एकट्या. कुराचीकाकांनी अर्धवट सोललेलं अंडं बाजूला ठेवून वर छताकडे पाहिलं.

चिकागेने वहीचं पान काढलं, सुझूची नखं कापायच्या कात्रीने त्याची पट्टी कापली, रेघा मारल्या आणि वर आजींचं नाव घातलं. आजी ‘अगं, काहीतरीच काय’ म्हणत राहिल्या, पण टाचणी त्यांनीच काढून दिली.

चिकागेची टिपणं इंटरनेटवर बरीच मंडळी वाचतात. या दुकानाबद्दल तिने टोस्टवर दोनच ओळी लिहिल्या आहेत. पुढे असं:

‘गेलात तर माझ्या पट्टीवरची नऊ कुपनं उरली आहेत, त्यातलं एक तुम्ही वापरा. पण आधी सगळ्यात खालची पट्टी बघा. आजी दिसल्या की त्यांचं त्या दिवसाचं कूपन फाडा, कुणी आधीच फाडलं नसेल तर. आणि बुधवारची सुट्टी नसूनही दुकान बंद असेल, तर तसेच परत फिरू नका. मागच्या बाजूला जिना आहे. वर जाऊन दार वाजवा.’