चौकटीखालची आळी

मी एक जुना, भोकाभोकांचा, टाचण्या टोचायचा फळा आहे. मित्रांनो, माझी भोकं मोजत बसू नका, मीही तो नाद सोडलाय. ती कशी पडली आणि कशी वाया गेली, तेवढं ऐका.

शहरातल्या एका सुताराने मला घडवलं. भुसा दाबून केलेली मऊ पाटी, वर हिरवं कापड, भोवती लाकडी चौकट. "यात टाचणी अशी शिरते की टोचणाऱ्याला कळतसुद्धा नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. टोचून घेणाऱ्याला कळतं की नाही, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं राहून जाणं ही गोष्ट माझ्या जन्मापासूनच माझ्या वाट्याला आली म्हणायची.

मला विकत घेतलं योजनेच्या साहेबांनी. गावाच्या पुढच्या दहा वर्षांचा आराखडा गावकऱ्यांना विचारून करा, असा वरून हुकूम आला होता. मला गावकचेरीच्या वरच्या मजल्यावर टांगलं आणि अंगावर गावाचा नकाशा चिकटवला. सारं गाव येऊन आपल्या मनातलं मला सांगणार! मी फुगून अर्धा इंच जाड झालो असेन.

सभा ठेवली सकाळी अकराला, म्हणजे कामाची माणसं नेमकी कामावर असताना. तरी चाळीसेक जण आले. प्रत्येकाला लाल डोक्याची एकेक टाचणी मिळाली. जिथे आधी काम व्हावं असं वाटतं, तिथे टोचायची आणि काय हवं ते सांगायचं. पहिला मान गावाच्या प्रमुखांचा. त्यांनी वेशीवर टोचली आणि सांगितलं, इथे कमान हवी. दुसऱ्याने त्यांच्या शेजारी टोचली. तिसऱ्याने दोघांच्या मध्ये. म्हातारा गवंडी शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला की त्याच्या मनात खरं तर पाण्याची टाकी होती, पण चारचौघांत प्रमुखांपासून लांब टोचणं बरं दिसत नाही. मग त्यानेही वेशीचीच वाट धरली. शेवटी शेवटी तर तिथे टाचणीला जागा उरली नाही. साहेबांनी वहीत लिहिलं, गावाचं एकमत झालं.

तेवढ्यात शिवणवाली आली. गळ्यात मोजायची फीत तशीच. तिने दोन टाचण्या मागितल्या, एक तिची आणि एक आईची.

तिची आई म्हणजे गावची सुईण. त्या खोलीतली निम्मी डोकी या जगात पहिल्यांदा तिच्याच हातात आली होती. आता तिचे पाय गेले होते. सरकारने चाकांची खुर्ची दिली, पण त्यांच्या खालच्या आळीतून कचेरीच्या चौकात यायला बावीस दगडी पायऱ्या. खुर्ची आली आणि घरातच राहिली. तिच्यावर शिवायला आलेले कपडे ठेवायचे. तीन वर्षांत म्हातारीने चौक पाहिला नव्हता. पायऱ्यांच्या कडेने एक उतार हवा, एवढंच त्यांचं मागणं.

कारकून म्हणाला, ज्याची टाचणी त्याने स्वतः टोचायची, आईला घेऊन या.

"कशी आणू, दादा?" शिवणवाली म्हणाली. "आणता आली असती तर टाचणी कशाला मागितली असती?"

लोक हसले. साहेबही हसले. मग जेवायची सुट्टी झाली.

त्या सुट्टीत माझ्या आयुष्यातला एकमेव सुखाचा तास आला. शिवणवालीने माझं एक टोक धरलं, सभेला आलेल्या पोस्टमनने दुसरं आणि दोघांनी मला खिळ्यावरून उतरवून थेट खालच्या आळीत नेलं. तिथे मला ओट्यावर ठेवलं. आळीतली झाडून सारी माणसं जमली आणि आपापलं घर शोधू लागली. घर कुणालाच सापडेना. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात खुणांची चौकट छापली होती: ही रेघ म्हणजे रस्ता, हा ठिपका म्हणजे विहीर. ती चौकट नेमकी खालच्या आळीवर बसली होती. छापणाऱ्याला ती जागा रिकामी वाटली असणार.

"म्हणजे आपण इथे राहतच नाही," पोस्टमन म्हणाला. "मग मी इतकी वर्षं पत्रं कुणाला देतोय?"

शिवणवालीने आपल्या डबीतल्या टाचण्या वाटल्या. एकोणीस जणांनी त्या चौकटीतच टोचल्या. कुणाला उतार हवा होता, कुणाला नळ, कुणाला दिवा. कुणी कुणाकडे पाहून टोचली नाही. म्हातारीने शेवटी टोचली आणि अंगठ्याने अशी दाबली की मी आतून कळवळलो. मित्रांनो, ते दुखणं मला आवडलं.

पण आपलं दैव आंधळं! परत वर गेलो तर साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. चौकटीतल्या टाचण्या धरता येत नाहीत, कारण ती जागा नकाशात नाही. शिवाय टाचण्या सरकारी नव्हत्या. कारकुनाने त्या उपटल्या. मग लाल टाचण्याही उपटल्या, कारण पुढच्या गावाला त्याच लागणार होत्या. राहिली नुसती भोकं. भिडेचं भोक कोणतं आणि गरजेचं कोणतं, हे आता माझं मलाही सांगता येत नाही.

कमान झाली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: लोकांच्या सहभागातून. आणि मला कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तीन वर्षं मी गावाच्या भविष्याकडे पाठ करून उभा होतो. ओल लागली, कापड सुटलं. एकदा कारकुनाने माझ्या कोपऱ्यावर भिजलेली छत्री वाळत टाकली. शिवणवाली दर महिन्याला अर्ज घेऊन यायची. अर्ज घेतला जायचा. मी तिचा आवाज ऐकायचो आणि भिंतीशी कुढायचो.

गेल्या आठवड्यात मला बाहेर काढलं. नवे साहेब, नवा नकाशा, पुन्हा वरचा मजला, पुन्हा अकरा वाजता. खुणांची चौकट पुन्हा त्याच कोपऱ्यात. पालथ्या घड्यावर पाणी! प्रमुखांनी पहिली टाचणी हातात घेतली, इतक्यात खालून हाक आली. चौघांनी बावीस पायऱ्या चढून म्हातारीला खुर्चीसकट उचलून कचेरीच्या अंगणात आणलं होतं. नव्या साहेबांनी खिडकीतून हात हलवला आणि वर यायला सांगितलं.

"मी नाही वर येत," म्हातारी म्हणाली. "तुम्ही या खाली." मग तिने प्रमुखांना त्यांच्या लहानपणीच्या नावाने पुकारलं. "अरे बाळ्या, जन्मताना तू आधी पाय बाहेर काढलेस. आता चार पायऱ्या उतरायला ते पाय का अडतात?"

खोलीत कुणी हसलं नाही. प्रमुखांनी टाचणी टेबलावर ठेवली आणि ते उतरले. मग गवंडी उतरला. मग सगळेच. मेंढरामागून मेंढरू म्हणा हवं तर, पण या खेपेला वाट बरी होती.

मला न्यायचं कुणाला सुचलं नाही. मी कोऱ्या नकाशासकट वरच राहिलो, सोबतीला साहेब आणि कारकून. साहेबांनी वहीत लिहिलं: उपस्थिती दोन, गावकऱ्यांना उत्साह नाही. खिडकीतून आवाज येत होते. गवंड्याने काठीने अंगणाच्या मातीत गाव काढायला घेतलं होतं आणि तो विचारत होता, सुरुवात कुठून करू? म्हातारी म्हणाली, आमच्या आळीपासून कर, वरचं सगळ्यांना पाठ आहे.

उतार अजून झालेला नाही. होईल की नाही, ते मला सांगता येत नाही. मला राग आहे तो आहेच. पण मित्रांनो, उद्या तुमच्या हातात हा फळा आणि टाचण्यांची डबी आली, तर मला पुसायची, जपायची घाई करू नका. आधी बघा, कोण आलेलं नाही. मग मला खिळ्यावरून काढा आणि त्यांच्या दारी न्या. मी जड वाटलो, तर मला खुशाल तिथेच टांगून ठेवा, पण तुम्ही जा.